समासातली नाडी

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या एकशे चाळिसाव्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं एवढंच लिहिलं गेलं, ‘बुध. अर्धी दिली. ७४.’ तिथून सगळं सुरू झालं. पुढचे सहा दिवस माझ्या जिवाला जो घोर लागला, तसा माझ्या पोटातल्या खुन्यानंही कधी कुणाला लावला नसेल.

मी एक कादंबरी बोलतेय. रहस्यकादंबरी. माझ्या आत एक माणूस राहतो, पैसे घेऊन माणसं मारणारा. त्याला सुरा लागत नाही की पिस्तूल लागत नाही. आधी तो माणसाच्या वेळा टिपून घेतो. उठतो कधी, दूध घ्यायला दार उघडतो कधी, औषध घेतो कधी. मग एक दिवस त्या रोजच्याच गोष्टीत तो इवलासा बदल करतो. लोक म्हणतात, गेला बिचारा, भरली होती त्याची वेळ. आणि हा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून शांतपणे चणे खातो.

असला माणूस पोटात घेऊन मी वीस वर्षं जगतेय.

छापखान्यात माझे मोठमोठे कागद दुमडले, शिवले, पाठीला गरम खळ लावली, तेव्हा माझं कव्हर झोकात होतं. काळा हातमोजा आणि वर लालभडक नाव. पण वाचनालयात आल्यावर दोन वर्षांत माझी पाठ खिळखिळी झाली. बाइंडरनं मला तपकिरी पुठ्ठ्यात बसवलं आणि कव्हर टाकून दिलं. तेव्हापासून मला नाव नाही. पाठीवर तीनशे अठरा हा आकडा आहे, तेवढाच. वाचणारे मला नुसतं ‘खुनी’ म्हणतात. “काका, खुनी आली का परत?” असं कुणी विचारलं की माझी पाठ जरा ताठ होते.

माणसं वाचतात कशी, ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. एक जण आधी शेवटचं पान वाचायचा आणि मग पहिल्यापासून घाबरत बसायचा. एक शिक्षिका मला तपासायच्या पेपरांमध्ये घालून वाचायच्या आणि परत देताना सांगायच्या, आमच्या ह्यांना हवी होती. माझ्या पहिल्या पानावर तर खुणांची जत्रा आहे. हे पुस्तक आपण वाचलंय हे पुढच्या वेळी कळावं म्हणून कुणी चांदणी काढतं, कुणी टिंब, कुणी नुसती उभी रेघ.

वाचनालयाच्या काकांना या खुणांचा भारी राग. पुस्तक परत आलं की ते खिशातून पांढरं रबर काढतात, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं चाळतात आणि पेन्सिलीचा जो डाग दिसेल तो खोडून काढतात. मगच पुस्तक कपाटात जातं. तीस वर्षांचा नेम आहे त्यांचा.

त्या महिन्यात मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं नेलं. त्यानं दोन दिवसांत माझा फडशा पाडला आणि बायकोला सांगून टाकलं, “शेवटी तो सापडत नाही बरं का.” ती म्हणाली, “झालं. आता काय वाचू मी?” तरी तिनं मला हातात घेतलं. तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ असायचं आणि समोर पलंगावर सासूबाई. त्या नुकत्याच हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते म्हणून त्यांना एक बारीक पांढरी गोळी सुरू झाली होती.

डॉक्टरांनी मुलाला, म्हणजे या लिफ्टवाल्याला, बजावून सांगितलं होतं, रोज अर्धीच गोळी द्यायची. द्यायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची, लिहून ठेवायची, आणि साठाच्या खाली गेली की गोळी थांबवून आम्हाला कळवायचं. मुलानं बायकोला सांगितलं, “रोज सकाळी अर्धी गोळी दे. नाडी मोज आणि लिहून ठेव.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुठेतरी लिफ्ट बंद पडली होती, आणि उरलेलं सांगायचं राहून गेलं.

सून कामाला चोख होती. बुधवारी सकाळी तिनं घड्याळाकडे बघत मिनिटभर नाडी मोजली, गोळी दिली आणि लिहायला कागद शोधू लागली. पण मांडीवर बाळ नुकतंच झोपलं होतं. उठलं असतं तर पुन्हा तासभर झुलवावं लागलं असतं. हाताशी मी होते आणि माझ्यात खुणेला ठेवलेली पेन्सिल होती. तिनं माझ्या समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, लिहून टाकलं. नंतर वहीत उतरवू आणि इथलं पुसू, असं स्वतःशीच म्हणाली. लहान मूल असलेल्या बाईचं ‘नंतर’ कसं असतं, ते मी सांगायला नको.

मला गंमत वाटली. वीस वर्षांत माझ्या अंगावर कुणी कुणाच्या काळजीनं काही लिहिलं नव्हतं.

पण ती गंमत त्याच दिवशी दुपारी चार वाजेपर्यंतच टिकली.

चार वाजता नणंद आली. ही सासूबाईंची थोरली मुलगी. दोन गल्ल्या सोडून राहायची, कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. काम सुटलं की रोज आईकडे यायची. ती आली की सून बाळाला उचलून गच्चीवर जायची, वाळलेले कपडे काढायला. कपडे दहा असोत की दोन, ताई जाईपर्यंत ती खाली यायची नाही.

कारण दोघींचा चार महिन्यांपासून अबोला होता. बाळ महिन्याचं असताना एकदा खूप रडत होतं. नणंद म्हणाली, तुला मूल सांभाळता येत नाही. सून रात्र रात्र जागून वैतागली होती, ती बोलून गेली, तुम्हाला काय कळणार त्यातलं. नणंदेला मूल नव्हतं. त्या शब्दानंतर दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. अगदीच अडलं तर बाळाला मध्ये घालायच्या. नणंद पाळण्यात वाकून म्हणायची, “सांग तुझ्या आईला, नळ गळतोय.” सून बाळाचं टोपडं नीट करत म्हणायची, “सांग आत्याला, आम्हाला दिसतंय.” बाळ दोघींकडे बघून हसायचं. त्याला वाटायचं, आपलेच लाड चाललेत.

तर त्या दिवशी नणंद पलंगाशी बसली. तिनं पर्समधून एक पाकीट काढलं, तसल्याच बारीक पांढऱ्या गोळ्यांचं. हॉस्पिटलमध्ये आईजवळ तीच राहिली होती. घरी सोडताना सिस्टरनं तिलाही सांगितलं होतं, रोज अर्धी, चुकवू नका. तिनं येताना दुकानातून पाकीट आणलं होतं. तिनं गोळीचे दोन तुकडे केले, एक आईला दिला, वर पाणी पाजलं आणि पदरानं तोंड पुसलं.

मी उशाशीच होते. सकाळची अर्धी पाहिली होती आणि आता चारची अर्धीही पाहिली.

एका शब्दाचं काम होतं. सुनेनं विचारलं असतं, गोळी दिलीत का, किंवा नणंद म्हणाली असती, दिली गं. पण चार वाजता बाळ गच्चीवर असायचं, आणि बाळ नसलं की त्या घरात निरोप पोचत नसे.

सासूबाई तरी काही बोलतील, अशी मला आशा होती. पण त्यांना वाटायचं, दोन वेळची असेल. हॉस्पिटलमध्ये तर दिवसाला अकरा गोळ्या गिळल्या होत्या. तिथून सुटून आलेल्या बाईला दोन अर्धुकांचं काय.

गुरुवारी सुनेनं लिहिलं, ७३. शुक्रवारी ७०. ती रोज दोन-तीन पानं पुढे सरकायची, त्यामुळे प्रत्येक आकडा नव्या पानावर पडायचा. शनिवारी ६६. शनिवारी सासूबाई जेवल्या नाहीत. मळमळतंय म्हणाल्या.

रविवारी सकाळी ६२. रविवारी मुलगा घरी असतो. मी म्हटलं, आज दुपारी तो इथे बसेल, बहीण गोळी काढेल आणि सगळं उजेडात येईल. पण तीन वाजता फोन आला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत माणसं होती. तो पिशवी उचलून पळाला. चार वाजता नणंद आली, सून गच्चीवर गेली.

माझ्या आतल्या खुन्याला हे बघता आलं असतं तर त्यानं कान पकडले असते. त्याला माणूस मारायला महिना लागतो, वेषांतर लागतं. इथे दोघी जणी त्या म्हातारीवर जीव टाकत होत्या. एक सकाळी केस विंचरायची, एक संध्याकाळी पाय चेपायची, आणि दोघींच्या हातून ती रोज थोडी थोडी खाली जात होती.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी तोंड फिरवलं. “नको गं,” म्हणाल्या, “सगळं पिवळं पिवळं दिसतंय. तुझं बाळसुद्धा पिवळं दिसतंय.” बाळाला कावीळ झाली की काय, अशी सुनेला भीती वाटली. तिनं बाळाला खिडकीशी नेऊन डोळे बघितले, तळवे बघितले, नखं बघितली. बाळ छान गुलाबी होतं. तिचा जीव भांड्यात पडला. मग सासूबाईंना गोड बोलून तिनं गोळी दिली आणि माझ्यात लिहिलं, ‘सोम. नको म्हणत होत्या. तरी दिली. ५८.’

काल बासष्ट होती आणि आज अठ्ठावन्न, हे तिनं पान उलटून बघितलं. बघितलं मी म्हणते, कारण तिची बोटं थांबली होती. संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, नाडी कमी होतेय, चालेल ना? तो जेवता जेवता म्हणाला, आधी फार पळत होती ना, म्हणून तर गोळी. तिला ते पटलं. मला हातपाय असते तर मी ताटात जाऊन पडले असते.

मंगळवारी सकाळी ५४.

तिनं ते लिहिलं, मला उशाशी ठेवलं आणि बाळाला आंघोळीला नेलं. तेवढ्यात मुलगा कामावर निघाला. त्याला आठवलं, पुस्तक परत करायची तारीख आजचीच. त्यानं मला उचललं, पेन्सिल काढून खिडकीत ठेवली आणि मला पिशवीत पान्यांशेजारी कोंबलं. आतून सुनेचा आवाज येत होता, बाळाच्या अंगावर पाणी घालताना ती गाणं म्हणत होती.

सात दिवसांची नाडी घेऊन मी घराबाहेर पडले. आता त्या घरात कुणालाच कळणार नव्हतं की ही बाई चौऱ्याहत्तरवरून चोपन्नवर आलीय. उद्या सून मोजेल, पन्नास येईल, आणि काल किती होती तेही तिला धड आठवणार नाही.

वाचनालयात काकांनी मला घेतलं, तारीख बघितली आणि खिशातून रबर काढलं.

एकशे चाळिसाव्या पानावर ते थबकले. “आता ही काय नवी तऱ्हा,” असं पुटपुटले आणि चौऱ्याहत्तर गेला. फुंकर मारली. पान उलटलं. गुरुवार गेला. मग शुक्रवार. रबराचा काळा चुरा माझ्या शिवणीत साठत होता. शनिवारचं पान उघडलं होतं, रबर टेकलं होतं, इतक्यात दारातून कुणी म्हणालं, “काका, खुनी आली ना? तीन आठवडे वाट बघतोय. द्या तशीच, गिऱ्हाईक बसवून आलोय.”

तो समोरच्या सलूनचा मालक होता. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालते म्हणून त्याची ख्याती. काका म्हणाले, थांब, पुसायचंय. तो म्हणाला, मी पुसतो, तुमच्यापेक्षा माझा हात हलका आहे. आणि त्यानं मला जवळजवळ ओढूनच नेलं.

शनिवार, रविवार, सोमवार आणि मंगळवार वाचले होते. माझ्याकडे चार आकडे उरले होते.

सलूनवाल्याची वाचायची पद्धत म्हणजे एक दाढी झाली की दोन पानं. पण त्याला धीर नव्हता. माझा मधला भाग कसा आहे बघू, म्हणून त्यानं मला अधूनमधून चाळलं आणि नेमका सोमवार उघडला. ‘नको म्हणत होत्या. तरी दिली. ५८.’ त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्यानं मागचं पान बघितलं, ६२. त्याच्या मागचं, ६६. पुढचं, ५४. शेजारच्या छापील मजकुरात खुनी एका म्हाताऱ्याच्या वेळा टिपत होता.

खुर्चीत तेव्हा एक कंपाउंडर बसले होते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर फेस होता. सलूनवाला त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला की या गावात कुणीतरी कुणालातरी मारतंय आणि हिशेब या पुस्तकात ठेवतंय.

कंपाउंडर आरशातूनच म्हणाले, “हातात वस्तरा तुझ्या, मान पुढे केलीय मी, आणि घाबरतोयस तू?”

“अहो, आकडे उतरतायत बघा. रोज चार खाली. शून्यावर आलं की संपला खेळ.”

“आण इकडे.”

कंपाउंडरांनी चष्मा लावला. आधी हसत होते. सोमवारचं पान वाचलं आणि हसू गेलं. मग मंगळवारचं वाचलं. त्यांनी विचारलं, हे पुस्तक कधी परत आलं? आज सकाळी, सलूनवाला म्हणाला. कंपाउंडर उठलेच खुर्चीतून. त्यांनी थोडक्यात सांगितलं की हे आकडे नाडीचे आहेत, गोळी बहुधा हृदयाची आहे, आणि साठाच्या खाली गेल्यावर ती द्यायची नसते. आज चोपन्नला दिलेली दिसतेय. अर्ध्या गोळीनं इतक्या भराभर उतरत नाही, म्हणजे आणखी कुठूनतरी पोटात जातेय. ज्या कुणाची ही नाडी आहे, त्या बाईला पुढची गोळी मिळायच्या आत गाठायला हवं.

गालावरचा फेस तसाच ठेवून ते वाचनालयात शिरले. मागे सलूनवाला, मला छातीशी धरून.

आणि काका सांगेनात. कुणी काय वाचतं ते मी कुणाला सांगत नाही, म्हणाले. तीस वर्षांत नाही सांगितलं. माणसं घरी एक सांगतात आणि वाचतात दुसरंच, त्यांची अब्रू माझ्या वहीत आहे. पोलिसांनी विचारलं तरी सांगणार नाही. काकांचं हे वागणं मला एरवी फार आवडतं. त्या दिवशी मात्र वाटलं, माझी सगळी पानं फाडून त्यांच्या अंगावर फेकावीत.

कंपाउंडर खूप हळू आवाजात म्हणाले, “काका, तुम्ही आधीची पानं पुसलीत. त्यांवर कोणते आकडे होते, आठवतंय?”

काकांनी रबराकडे बघितलं. “चौऱ्याहत्तर,” ते म्हणाले. “मग त्र्याहत्तर. मग सत्तर.”

“ती नाडी होती.”

काकांनी वही उघडली. पत्त्यावर बोट ठेवलं. लिहून देण्यात वेळ न घालवता तोंडीच सांगितला.

साडेबारा वाजले होते. मला आतून ठाऊक होतं की नणंद चारला येते, अजून वेळ आहे. पण आम्ही जिना चढून दाराशी पोचलो तेव्हा दारात नणंदेच्या चपला होत्या. कारखान्यात वीज गेली होती, म्हणून तिला लवकर सोडलं होतं. ती अशी अवेळी आल्यामुळे सून गच्चीवर न जाता स्वयंपाकघरातच होती.

सलूनवाल्यानं बेल वाजवली. दाराला लहानसं बघायचं भोक होतं. सुनेनं त्यातून बघितलं तेव्हा तिला काय दिसलं असेल, विचार करा. एका माणसाच्या अर्ध्या तोंडाला पांढरा फेस, दुसऱ्याच्या अंगावर केसांनी माखलेला डगला आणि त्याच्या वरच्या खिशातून डोकावणारी कात्री. आणि ही बाई आठवडाभर खुन्याची कादंबरी वाचत होती. आतून आवाज आला, “घरात माणसं नाहीत. संध्याकाळी या.”

कंपाउंडर म्हणाले, औषधाचं काम आहे. ती म्हणाली, आम्ही काही मागवलं नाही. सलूनवाला म्हणाला, वहिनी, आजींना गोळी देऊ नका. आता तर ती पुरतीच घाबरली. आत आजी आहेत हे याला कसं ठाऊक? तिनं कडी पुन्हा एकदा चाचपून बघितली, मला तो लोखंडी आवाज ऐकू आला. आणि आतून दुसरा आवाज आला, पितळी पेल्यात पाणी ओतल्याचा. नणंद पाणी घेत होती. पाणी कशासाठी, ते त्या जिन्यात मला एकटीलाच कळत होतं.

तेव्हा सलूनवाल्यानं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. तो बोलायचा थांबला. त्यानं मला सोमवारच्या पानावर उघडलं आणि दाराच्या भोकासमोर धरलं.

“ताई,” तो म्हणाला, “हे अक्षर तुमचं का?”

मग कडी निघाली.

कंपाउंडरांनी विचारलं, आज गोळी किती वाजता दिलीत? सून म्हणाली, नऊ वाजता, अर्धी, रोज नऊलाच देते. पलंगाशी नणंद उभी होती. एका हातात पेला आणि दुसऱ्या तळहातावर अर्धी गोळी. तिनं मान वर केली.

“नऊला?” ती म्हणाली. “मी देते ना रोज. चारला.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बाळ सुनेच्या कडेवर होतं, पण या वेळी कुणी त्याच्याशी बोललं नाही. नणंदेच्या हातातून गोळी पडली आणि पलंगाखाली गेली. ती शोधायला कुणी वाकलं नाही.

कंपाउंडरांनी सासूबाईंच्या मनगटावर बोटं ठेवली. पूर्ण मिनिटभर मोजलं. मी त्यांच्याबरोबर मोजत होते. बेचाळीस.

लगेच खाली गाडी थांबवली. जिना अरुंद होता, म्हणून सलूनवाल्यानं सासूबाईंना खुर्चीसकट उचललं, कंपाउंडरांनी खुर्चीचे पाय धरले. सासूबाईंनी डोळे किलकिले करून त्याच्या डगल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “केस कापायला नेतोस काय रे मला? थोडेच उरलेत.” तो म्हणाला, “आजी, तुमचे फुकट कापीन. फक्त झोपू नका.” आणि तिन्ही मजले उतरेपर्यंत तो त्यांच्याशी काहीबाही बोलत राहिला. त्याच्या जिभेचा कुणाला इतका उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस, किती वाजता, किती? सून सांगायला गेली आणि तिचे वार आणि आकडे एकमेकांत मिसळले. नणंद नुसती रडत होती. कंपाउंडरांनी मला टेबलावर उघडून ठेवलं. डॉक्टरांनी शनिवार वाचला, रविवार, सोमवार, मंगळवार. मग मला दिव्याखाली तिरकं धरलं. खोडलेल्या पानांवर पेन्सिल दाबल्याचे वळ होते, त्यातून चौऱ्याहत्तर पुन्हा दिसला. त्यांना हवं ते सगळं माझ्यात होतं. सासूबाईंना आत नेलं, छातीला तारा लावल्या, आणि दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर दोघी जणी बसल्या. मधे बाळ आणि मी. मुलगा निघाला होता, अजून पोचला नव्हता.

सून जमिनीकडे बघत म्हणाली, “मी मारलं असतं त्यांना.”

नणंदेनं डोळे पुसले. “आपण,” ती म्हणाली. “एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस.”

चार महिन्यांत ती तिच्याशी बोललेली ही पहिलीच गोष्ट. सुनेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्या दिवशी मी ते म्हणाले ना, ताई, असं काहीतरी. नणंदेनं पुरं होऊ दिलं नाही. “बाळाला दे इकडे,” ती म्हणाली, “सकाळपासून कडेवर घेऊन आहेस.” सुनेनं दिलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा तिचे हात मोकळे झाले, तेव्हा ती रडली.

सासूबाई त्या दिवशी वाचल्या. दुसरा दिवसही भीतीतच गेला, नाडी चढायची, पुन्हा उतरायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला आणि म्हणाल्या, भिंत पांढरी दिसतेय. गोळी जास्त झाल्यामुळेच त्यांना सगळं पिवळं दिसत होतं. सहाव्या दिवशी घरी आल्या. मुलानं बायकोसमोर बसून कबूल केलं की साठाचं सांगायचं आपण विसरलो. ती त्याच्यावर ओरडली नाही. पण दोन दिवस त्याला चहा त्याचा त्यालाच करावा लागला.

मी आता पुन्हा वाचनालयात आहे. काकांनी माझी ती पानं तशीच ठेवलीत. पुसलेल्या तीन पानांवर त्यांनी स्वतःच्या हातानं, शाईनं, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, सत्तर पुन्हा लिहिलंय. तीस वर्षांत पुस्तकात त्यांनी लिहिलेले हे पहिलेच आकडे. माझी पाठ परत सुटायला आलीय, दोन पानं निखळलीत. बाइंडर म्हणतो, हिच्यात आता शिवायला जागा नाही. माझे दिवस भरत आलेत, मला कळतं.

पण हल्ली मला नेणारे वेगळे आहेत. कुणाच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले असतात, कुणाचं बाळ तापानं फणफणलेलं असतं. ते खुन्याची गोष्ट सोडून सरळ एकशे चाळिसावं पान उघडतात आणि समास वाचतात. मग मला मिटून एक कागद आणि पेन्सिल शोधतात.

तुमच्याही घरी कुणी औषधावर असेल, तर माझं एवढं ऐका. एक कागद घ्या, भिंतीवर लावा, त्याच्याशेजारी पेन्सिल बांधून ठेवा. ज्यानं औषध दिलं त्यानं तिथेच, त्याच वेळी लिहायचं. पाकीट एकच ठेवा, दोन हातांत दोन नको. डॉक्टर काय म्हणाले ते घरातल्या सगळ्यांना पुरं सांगा, अर्ध्यात फोन वाजला तरी. आणि आकडा उतरताना दिसला की लाजू नका, विचारा.

मी कपाटातली, मला फार लांब जाता येत नाही. म्हणून हे तुम्ही सांगा. शेजारी सांगा, माहेरी सांगा, कामावर सांगा. आणि जिथे दोन माणसं एकमेकांशी बोलत नसतील, त्या घरी सगळ्यात आधी जाऊन सांगा.